खात्यावरचा चहा

माझ्या दुकानाच्या दारात एक बाकडं आहे. सागाचं. नीट बसली तर तीन माणसं बसतात, ओळखीची असली तर पाच. खत-बियाण्यांचं दुकान चालवायला परवाना लागतो, गोडाऊन लागतं, हल्ली पॉस मशीन लागतं. पण गिऱ्हाईक टिकवायला बाकडंच लागतं, असं वडील सांगायचे. पिंपळनेरात गेली बत्तीस वर्षं मी ते पाळत आलोय.

बाकड्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण आहेत. नुसतं ऊन चुकवायला टेकलेल्याला पाणी. रोखीनं एखादी गोणी नेणाऱ्याला पाणी आणि तंबाखू मळण्यापुरता वेळ. ज्याचं आपल्याकडे खातं आहे त्याला कटिंग. आणि ज्याच्या खात्यावर पाच आकडी बाकी आहे, त्याला बाकड्यावर बसूच द्यायचं नाही. त्याला आत, पंख्याखाली, हातवाल्या खुर्चीवर. त्याला पूर्ण कप, आणि वर ‘लाटीपाड्याचं पाणी सुटलं का तुमच्याकडे?’ ही चौकशी. शेजारच्या हॉटेलातल्या पोराशी माझी खूण ठरलेली आहे. दोन बोटं दाखवली की कटिंग, तळहात दाखवला की स्पेशल. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटतं, मी आशीर्वाद देतोय.

नवख्या माणसाला कोडं पडतं की सगळ्यात जास्त उधारीवाल्याला सगळ्यात जास्त मान कसा? अहो, ज्यानं हिशोब चुकता केला तो उद्या समोरच्या दुकानात जायला मोकळा. ज्याचे द्यायचे राहिलेत तो कुठे जाणार? त्याला पंख्याखाली बसवणं म्हणजे आपलेच पैसे गार जागी ठेवणं.

हे एवढं पाल्हाळ लावायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीनंतर मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या बाकड्याशी गेलो, आणि तिथे माझं खातं कमी पडलं.

मुलगा बेंगळुरूला असतो. नातवाचा पहिला वाढदिवस होता. मुलानं मुंबईहून विमानाची तिकिटं काढली आणि आठवडाभर रोज फोनवर सूचना दिल्या. कात्री घेऊ नका, नेलकटर घेऊ नका, आईला सांगा लोणच्याची बरणी नको. शेवटच्या दिवशी म्हणाला, “नाना, आत गेल्यावर बाहेरच्या खुर्च्यांवर बसू नका. लाउंज असतं. मी पाठवलेलं कार्ड दाखवायचं, आत जाऊन बसायचं, पाहिजे ते खायचं.”

“किती घेतात?”

“दोन रुपये.”

दोन रुपये ऐकल्याबरोबर माझ्यातला दुकानदार जागा झाला. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. हा भाव सरकारनं बांधून दिलेला, आणि त्यामागे सरकार किती पदरचे घालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे स्वस्त वस्तूच्या मागे कुणीतरी पैसे भरत असतं, हे मला शिकवायला नको. शिवाय आमच्या धंद्यात लिंकिंग नावाचा एक प्रकार आहे. पाहिजे असलेल्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात येते, ते लिंकिंग. दोन रुपयांत पोटभर खायला मिळत असेल, तर बाटली कुठेतरी असणारच. फक्त ती अजून दिसली नव्हती.

साक्रीचे आमचे एक व्यवसायबंधू आहेत, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांना विचारलं. खतं-औषधांच्या कंपन्या विक्रीचं टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरला बँकॉकला नेतात. आमच्या जिल्ह्यात असे डीलर आहेत ज्यांनी मुंबईतली राणीची बाग अजून पाहिलेली नाही, पण बँकॉक दोनदा पाहिलंय. आप्पा तिसऱ्यांदा जाऊन आलेले. ते म्हणाले, “आदल्या दुपारपासून जेवू नका. लाउंज म्हणजे लग्नाची पंगत, फक्त आहेर द्यायचा नाही आणि नवरा-नवरीबरोबर फोटो काढायचा नाही.”

इथे कुणी विचारेल, मुंबईच का? खान्देशात विमानतळ नाही का? आहे की. जळगावचं विमानतळ २०१२ साली सुरू झालं. म्हणजे इमारत सुरू झाली. ‘उडान’ योजनेत तिथून मुंबईचं विमान सुटलं ते २०१७ च्या डिसेंबरात. मग ते थांबलं. मग २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीचं सुरू झालं, मग तेही थांबलं, आणि २०२४ पासून आता तिसरी कंपनी गोवा, हैदराबाद, पुणे करते. आमच्या धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिथे शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. शिकाऊ माणसाच्या मागे मी स्कूटरवरसुद्धा बसत नाही. आणि पिंपळनेरहून जळगाव गाठायचं म्हणजे पूर्वेला दीड-दोनशे किलोमीटर जायचं. त्यापेक्षा ताहराबाद, सटाणा, देवळा करत नाशिक गाठलं की पुढे कसारा घाट उतरायचा.

विमान सकाळी सात चाळीसचं. मी गाडी रात्री आठला काढली. बायको म्हणाली एवढी घाई कशाला. पण आमच्याकडे गाडी चुकणं हा अपघात नसतो, ती बदनामी असते. वीस वर्षांनीसुद्धा लोक लग्नात ओळख करून देतात, ‘हे ते, ज्यांची गाडी चुकली होती.’ पहाटे साडेतीनला आम्ही मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलच्या दारात. २०१४ साली सुरू झालेली ही इमारत, मोराच्या पिसाऱ्यासारखे खांब. बायको वर बघत चालत होती आणि मी तिला धरून.

सगळ्या तपासण्या संपल्यावर पाचच्या सुमारास लाउंज सापडलं. दारात रांग होती. रांग बघून मला थोडं आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं, पण विचार केला तेव्हा लक्षात आलं की ही रांग वाट पाहायच्या जागेत शिरण्यासाठी वाट पाहणाऱ्यांची आहे. रेशनच्या रांगेत शेवटी निदान तांदूळ असतात. इथे रांगेच्या शेवटी खुर्ची.

नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं माझं कार्ड मशीनला लावलं. मशीन बराच वेळ विचार करत राहिलं. मला सवय आहे; आमच्या पॉस मशीनवर कांदा काढून आलेल्या माणसाचा अंगठा चार-चार वेळा लागत नाही. मी तिला म्हणालोसुद्धा, “पुसून लावा.” तिनं हसून परत लावलं. मग स्क्रीनकडे बघत म्हणाली,

“सर, गेल्या तीन महिन्यांत या कार्डावर तुमचा खर्च कमी झालाय. सॉरी सर.”

बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं हेच वाक्य मी लोकांना ऐकवत आलोय. ‘गेल्या हंगामात आपलं काही जमलं नाही, बापू.’ म्हणजे काय, तर तू बियाणं समोरून घेतलंस, आता पंख्याखाली कशाला येतोस? मी फक्त ‘सॉरी सर’ म्हणत नाही. बाकी शब्द, सूर, आणि बोलताना नजर वहीत ठेवायची पद्धत, सगळं माझंच. त्या मुलीचं मला कौतुकच वाटलं. मी तिला लगेच नोकरीला ठेवलं असतं.

चूक माझीच होती. सगळा व्यवहार रोखीत नाहीतर चेकनं. कार्ड मुलानं दिलं तेव्हा मी ते कुलपात ठेवलं. वापरलं नाही म्हणजे जपलं, अशी आमची समजूत. बँकेची समजूत उलटी.

तेवढ्यात बायकोनं पर्समधून, हळदी-कुंकवाच्या डबीखालून, एक कार्ड काढलं. मुलानं आपल्या खात्यावर तिच्या नावाचं जोडकार्ड करून दिलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मशीननं एकदाच टुंग केलं. “वेलकम मॅम.” मॅमबरोबर सरांनाही न्या ना, म्हटलं, तर एका कार्डावर एकच. मार्च २०२३ पासून एसटीत तिला अर्धं तिकीट आहे आणि मला पूर्ण. इथे तिला पूर्ण प्रवेश आणि मला अर्धासुद्धा नाही. माझे ग्रहच त्या वर्षापासून फिरलेत.

“मी एकली काय करू तठे?” ती म्हणाली. ती चिडली किंवा घाबरली की अहिराणीत शिरते. सुखात असली की शुद्ध बोलते.

“जा. सगळं बघून ये. काय ठेवलंय, कोण बसलंय. माहिती काढ.”

ती गेली आणि मी बाहेरच्या पत्र्याच्या खुर्चीवर बसलो. पिशवीत दशम्या होत्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. आप्पांचं ऐकून काल दुपारपासून जेवलो नव्हतो, तेव्हा फडकं सोडलं. शेजारी एक जवान बसला होता, सुटी संपवून निघालेला. पलीकडे एक मुलगी फोनवर हळू आवाजात म्हणत होती, “हाव माय, जेवन व्हई गयं.” जेवली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि नंदुरबारकडची आहे हे तिच्या बोलण्यावरून. खान्देशी माणसाला जगात कुठेही सोडा, तो ‘शे’ ऐकला की मान वळवतो. मी दशमी पुढे केली. जवानालाही केली. दहा मिनिटांत आमची पाच जणांची पंगत झाली आणि विषय अर्थातच लाउंज, कारण समोर दार होतं आणि आम्ही बाहेर होतो.

एक जण म्हणाला, आत झोपायला गाद्या असतात. दुसऱ्यानं ठाम सांगितलं की दारू फुकट असते, म्हणून तर सगळे एवढ्या लवकर येतात. हे पहाटे पाच वाजता! तिसरा खरोखर एकदा आत जाऊन आलेला होता, त्यामुळे त्याचा भाव वाढला. तो म्हणाला, “काही नाही हो, पोहे गार असतात.” आमच्यात समाधानाची एक लाट पसरली. द्राक्षं आंबट आहेत असं कोल्ह्यानं स्वतः म्हणण्यापेक्षा खाऊन आलेल्या कोल्ह्यानं सांगितलं की जास्त बरं वाटतं.

पंचवीस मिनिटांत बायको बाहेर. मला वाटलं, तिलाही काढलं.

“काय झालं?”

“तठे कोनी कोनाले ईचारत नही,” ती खाली बसत म्हणाली. तिनं शेजारच्या बाईला विचारलं होतं, कोठे जाई राहिनी व माय? त्या बाईनं कानातलं यंत्र काढलं, “सॉरी?” म्हणाली आणि यंत्र परत घातलं. चहाचं म्हणावं तर दूध एकीकडे, पाणी एकीकडे, चहा कागदाच्या पुडीत आणि पुडीला दोरा. “आपणच करायचा तर घरचा काय वाईट?” इडल्या, वडे, पोहे, ऑम्लेट, केक, फळांचे काप, सगळं होतं. तिनं काय खाल्लं? पपईचे दोन काप. “एकटीनं ताट भरायचं बरं दिसतं का?”

आप्पांना हे कळलं तर ते हाय खाऊन मरतील. तिनं पिशवीत हात घालून दशमी काढली आणि नंदुरबारच्या मुलीला विचारलं, “कोठे शे व तुनी नोकरी?” मग विमानाची वेळ होईपर्यंत त्या मुलीची नोकरी, पगार, हॉस्टेल, मावशीची सोयरीक असं सगळं उलगडलं. आम्हाला निघावंसं वाटत नव्हतं.

बेंगळुरूला मी हा अपमान मुलाला सांगितला. तो हसला आणि त्यानं मला त्यातलं अर्थकारण समजावलं. कार्ड टेकवलं की लाउंजवाल्याला माणशी ठरलेले पैसे बँक देते, मधे जोडून देणारी कंपनी असली तर तिचा वाटा वेगळा. ते दोन रुपये नुसते कार्ड जिवंत आहे की नाही हे बघायला. पूर्वी कार्ड असलं की पुरे होतं. मग कार्डं इतकी वाटली गेली की लाउंजपेक्षा बाहेर मोकळी जागा जास्त, तेव्हा गेल्या दोन-तीन वर्षांत बँकांनी अट घातली. मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च, तर या तिमाहीत प्रवेश.

“म्हणजे स्लॅब,” मी म्हणालो. “इतक्या गोण्या उचलल्या तर बँकॉक.”

“तसंच.”

“आणि खर्च म्हणजे उधारी. कार्डावरचा खर्च हा उधारीच ना?”

“हो, महिनाभराची.”

मला एकदम हलकं वाटलं. बाटली दिसली होती. जगातल्या एवढ्या मोठमोठ्या बँका, काचेच्या इमारती, सुटाबुटातली माणसं, आणि शेवटी धंद्याची कल्पना कोणती? ज्याची उधारी मोठी, त्याला आत पंख्याखाली स्पेशल चहा. माझ्या वडिलांचं शिक्षण सातवी होतं.

मुलगा म्हणाला, याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं पहिलं लाउंज काढलं, त्याचं नाव ॲडमिरल्स क्लब. कंपनी आपल्या विमानांना आरमारातल्यासारखं ‘ध्वजनौका’ म्हणायची, म्हणून त्यातले खास प्रवासी ते ॲडमिरल. सुरुवातीला पैसे देऊन सभासद होता येत नसे. कंपनीनं बोलावलं तरच. मला हे फार आवडलं. समुद्र न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला आरमाराचा सेनापती करून टाकायचं आणि खुर्चीवर बसवायचं. आमच्याकडे दोन एकरवाल्याला ‘या, बागायतदार’ म्हणतात, तीच विद्या. आपल्या एअर इंडियानं १९४६ मध्ये त्याच्याही पुढचं डोकं लढवलं. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी महाराजा काढला, आणि तो महाराजा स्वतःच कमरेत वाकलेला. गिऱ्हाइकाला राजा म्हणणं सोपं आहे. राजालाच दुकानात नोकरीला ठेवून गिऱ्हाइकापुढे वाकवायचं, हे डोकं फक्त जातिवंत दुकानदाराचं. पुढे त्यांच्या लाउंजलाही महाराजाचंच नाव.

परतीच्या प्रवासाला मुलानं माझ्यासाठीही जोडकार्ड आणून ठेवलं होतं. बेंगळुरूच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन २०२२ च्या नोव्हेंबरात झालं. आत सगळीकडे बांबू आणि वरून लोंबणाऱ्या वेली. बायकोनं मान वर करून हिशोब केला की एवढ्या बांबूत आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या सगळ्या गावांना पुरून उरतील एवढ्या टोपल्या आणि सुपं झाली असती. या वेळी मशीननं दोनदा टुंग केलं. मी आत पाऊल टाकलं ते बागायतदारासारखं.

आता आत बसलेल्यांविषयी.

पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की मी इथे नवखा नाही. ही सगळी माणसं मी बाकड्यावर पाहिलेली आहेत. एक वसुली पंथ असतो. त्यांची ताटली लहान असते, कारण लाउंजवालाही दुकानदारच आहे, तो ताटल्या मुद्दाम लहान ठेवतो. पण हे लोक फेऱ्या वाढवतात. इडलीवर नूडल्स, नूडल्सवर केक, केकच्या कडेला सांबार. खाताना चेहऱ्यावर आनंद नाही, कर्तव्य. कार्डाची वर्षाची फी मनात भागत असते. अशा एका गृहस्थांनी जाताना कागदी रुमालात दोन मफिन गुंडाळून खिशात टाकले, आणि मग आजूबाजूला बघून केळीही उचलली. केळ्याचं टोक खिशातून बाहेर डोकावत राहिलं. मला काही वाटलं नाही. आमच्याकडे कॅलेंडरं अशीच जातात.

दुसरा पंथ ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’वाल्यांचा. ते जेवतात, पण दुःखानं. “पूर्वी इथे बसायला जागा असायची. आता कोणीही येतं,” असं आमच्या मागचा माणूस फोनवर इंग्रजीत कुणालातरी सांगत होता. ‘कोणीही’ म्हणताना त्याची नजर बायकोच्या पिशवीवर होती. त्यात दशम्या होत्या.

आणि तिसरा सगळ्यात खरा. तो काहीच खात नाही. काळी कॉफी, तीही अर्धी, आणि पाठ सगळ्या पदार्थांकडे. असा माणूस मी लांबून ओळखतो. आमच्याकडे खरा पैसेवाला शेतकरी दुकानात आला की म्हणतो, “चहा नको, आत्ताच झाला.” ते ऐकल्यावर आम्ही त्याला दोन चहा पाजतो. त्या काळ्या कॉफीवाल्याला जाऊन सांगावंसं वाटलं की बाबा, तुझं खातं कळलं, आता एखादा वडा खा.

पण बत्तीस वर्षांच्या बाकड्यावर मी कधी न पाहिलेलं एक होतं. शांतता. दीडशे-दोनशे माणसं, सगळी वाट बघणारी, आणि आवाज फक्त चमच्यांचा आणि कॉफीच्या यंत्राचा. भिंतीवर पाटी होती की इथे विमानांच्या घोषणा होत नाहीत, वेळेवर आपापल्या गेटवर जा. मी ती पाटी दोनदा वाचली. वाट बघायची जागा, आणि ज्याची वाट बघतोय तेच सांगायचं नाही! एसटी स्टँडवर कर्णा कसा सारखा गाजत असतो. आपली नसलेली गाडीही आपल्याला कळते. धुळ्याच्या स्टँडवर तासभर बसलेला माणूस शिर्डी, शहादा, सुरत सगळ्या गाड्यांची काळजी करून मोकळा होतो. आपली गाडी येईस्तोवर तेवढाच जिवाला उद्योग.

बायकोनं मला पाटीचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिनं सभोवार पाहिलं. समोरच्या पसरट खुर्चीत एक विशीतला पोरगा तोंड उघडं टाकून झोपला होता, छातीवर फोन, फोनखाली तिकीट.

“याचं विमान गेलं तर?”

“त्याचं तो बघेल.”

“झोपेल माणूस कसा बघीन?”

आणि मी थांबवायच्या आत ती उठली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, आपल्याच पोराला शाळेसाठी उठवावं तशी म्हणाली, “बेटा, ऊठ. तुनं इमान कितला वाजता शे?”

पोरगा मराठी नव्हता. अहिराणी तर त्याच्या सात पिढ्यांनी ऐकली नसेल. पण झोपेतल्या माणसाला सगळ्या जगातल्या आयांची भाषा कळत असावी. त्यानं घड्याळ पाहिलं, किंचाळला, एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि दाराकडे पळाला. दारातून परत आला, तिला वाकून काहीतरी म्हणाला आणि पुन्हा पळाला.

चमच्यांचा आवाज थांबला होता. सगळे आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बाहेर काढतात. कार्डाची पुढची तिमाही गेली. तेवढ्यात पलीकडच्या आजोबांनी हिंदीत विचारलं, “बेटी, दिल्ली वाला कितने बजे है?” तिला काय माहीत! पण ‘माहीत नाही’ म्हणणं तिच्या स्वभावात नाही. ती जाऊन टीव्हीसारख्या फळ्यासमोर उभी राहिली. इंग्रजी अक्षरं तिला येतात. बचत गटाची अध्यक्ष आहे ती. दिल्लीचं सांगितलं. मग कोलकात्याचं. मग एका बाईनं आपलं मूल तिच्याजवळ ठेवलं आणि हात धुऊन आली. दोघांनी झोपण्याआधी तिला आपापल्या वेळा सांगून ठेवल्या. अर्ध्या तासात ती त्या लाउंजची वाहतूक नियंत्रक झाली होती. फक्त शिट्टी कमी होती. काळी कॉफीवाला खुर्ची फिरवून बसला आणि आपल्याला पुण्याला जायचंय, आई आजारी आहे, असं चक्क मराठीत म्हणाला. बायकोनं त्याला काय विचारलं असेल? “सकाळपासून काही खाल्लं का?” नाही म्हणाला. तिनं दशमी काढली.

लाउंजमध्ये बाहेरचं खायला मनाई आहे. काउंटरवरची मुलगी बघत होती, आणि काही बोलली नाही. तिलाही एक गेली.

आम्ही पिंपळनेरला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, गल्ला पुसला, उदबत्ती लावली. पांझरेच्या बाजूनं गार वारा येत होता. उन्हाळी कांद्याच्या लागवडीचे दिवस, गर्दी होणार होती. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते एका पाड्यावरचे बापू. पावसाळ्यात त्यांनी मक्याचं बियाणं समोरून घेतलं होतं. पोराच्या लग्नात आमचा आहेर पोचला होता, तरी समोरून. आले ते थेट आत, पंख्याखालच्या खुर्चीकडे वळले.

मी वही उघडली, नजर तिच्यात ठेवली आणि म्हणालो, “बापू, गेल्या हंगामात आपलं काही जमलं नाही...”

दुकानाच्या मागेच आमचं घर आहे. मधे नुसता पडदा. त्या पडद्यामागून, अगदी काउंटरवरच्या मुलीच्या सुरात आवाज आला,

“सॉरी सर!”

बापूंना काही कळलं नाही. मी हॉटेलातल्या पोराकडे पाहून तळहात दाखवला.